चार पानं, दोन प्रश्न
टॅबशिवाय पहिलीच्या मुलांना संगणकीय विचार (म्हणजे प्रश्नाचे छोटे भाग पाडून पायरीपायरीने उत्तर शोधणं) शिकवता येईल का, असा प्रश्न आहे. नक्की येईल! दादरच्या आमच्या वर्गात पिंपळ, आंबा, चिंच, गुलमोहर यांची गळलेली पानं आणली. एकाने मनात पान धरायचं, बाकीच्यांनी हो-नाही प्रश्नांनी ओळखायचं. आधी सगळे 'पिंपळ आहे का?' असंच विचारत. मग एक मुलगी म्हणाली, "बारीक बारीक पानांचं आहे का?" निम्मी पानं एका झटक्यात बाद! पुढे 'टोकाला शेपटी?' विचारलं की पिंपळ-आंबा वेगळे. म्हणजे चार पानांना दोन प्रश्न; दर प्रश्नाला निम्मी पानं बाद झाली, तर आठ पानांना नीट निवडलेले तीन प्रश्न पुरतात. मात्र पानं मुलांनीच वेचावीत. चित्रांच्या कार्डांवर चिंचेचा आंबूसपणा कुठून येणार?