सासऱ्यांच्या घरातली जुनी .३२ रिव्हॉल्व्हर: चालवावी का?

नॅशुआकर:
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात माझे सासरे गेले. सासरची मंडळी अमेरिकन, इथलीच न्यू हॅम्पशायरची. तळघर आवरताना सासूबाईंना मासेमारीच्या पेटीत, लोकरी मोज्यात गुंडाळलेली एक छोटी रिव्हॉल्व्हर सापडली. ती त्यांनी माझ्या हातात ठेवली. पाच गोळ्यांची, निकेलचा मुलामा, काळ्या रबरी मुठीवर घुबडाचं डोकं. आयव्हर जॉन्सन कंपनीची, फिचबर्ग, मॅसॅच्युसेट्स. लॅच (वरची खिट्टी) उचलला की नळी पुढे झुकते. बायकोचे पणजोबा त्याच कारखान्यात कामाला होते, म्हणून एकदा तरी ती नेमबाजीच्या रेंजवर चालवून बघावी असं तिच्या फार मनात आहे. मी इथला नागरिक आहे, रेंजचा सभासदही आहे, पण हात बसलाय तो नव्या पिस्तुलांवर. ही अजून चालवण्याजोगी आहे का, कसं ओळखायचं?

वूस्टरवाला:
.३२ एस अँड डब्ल्यूचं (स्मिथ अँड वेसन) काडतूस अगदी हलकं असतं हो. त्या काळी घरोघरी उशाखाली असायच्या या. चाप ओढल्यावर सिलिंडर फिरतोय ना? मग एक खोकं आणा आणि झाडा. माझ्या शेजाऱ्याकडे अशीच आहे, काही होत नाही.

लेथवाले काका:
वूस्टरवाले, तुमच्या शेजाऱ्याला काही झालं नाही याचा आनंद आहे, पण त्यावरून या दुसऱ्या नगाबद्दल काहीच कळत नाही. मी पिंपरीत बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली आणि इथे आल्यावर एका बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे आठ वर्षं. असे जुने स्वस्तातले नग आठवड्याला एखाददुसरा यायचा.

नॅशुआकर, आधी लॅच उघडून पाचही चेंबर (सिलिंडरमधली काडतुसांची भोकं) रिकामे आहेत हे डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही बघा. मग मुठीचा एकुलता स्क्रू काढा. आत घोड्याची स्प्रिंग पट्टीची आहे की कॉइलची? कॉइल असेल तर ती १९०९ नंतरची, बंदुकीच्या नव्या, बिनधुराच्या दारूसाठी बनवलेली. पट्टी असेल तर ती जुन्या, काळ्या दारूच्या जमान्यातली. आज दुकानात मिळणारी काडतुसं बिनधुराच्या दारूची असतात. तिचा दाब वेगळ्या पद्धतीने चढतो, आणि ते मऊ पोलाद त्या दाबासाठी बनवलेलंच नव्हतं. पट्टीची निघाली तर माझं उत्तर ‘नको’ असं आहे, मग बाकी सगळं कितीही छान असो. १९०१ मध्ये बफेलोत राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर झाडली ती याच कारखान्याची .३२ होती. तेव्हा हे खेळणं आहे असं कुणी समजू नये.

कॉइल निघाली तर पुढे तपासा. चाप पूर्ण ओढून धरा, घोडा अंगठ्याने सावकाश खाली सोडा आणि चाप न सोडता सिलिंडर हलवून बघा. चाप सुटा असताना जुन्या नगांत सिलिंडर मोकळा फिरतो. तो दोष नाही, पण तेवढं बघून लोक गोंधळतात. खरं लॉक चाप धरल्यावरच कळतं. किंचित हलला तर चालेल, खडखडला तर नाही. पाचही चेंबरला हे करा, एखादाच बिघडलेला असतो. चेंबर आणि नळी एका रेषेत नसतील तर गोळी नळीच्या काठावर घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारच्या माणसाच्या डोळ्यात. पुढे बिजागरी. नळी धरून वरखाली हलवा. टकटक आवाज आला तर लॅच झिजलाय. तो ऐन वेळी उघडला तर काय होईल, ते मी लिहीत नाही.

आणि तडे. सिलिंडरच्या बाहेरच्या बाजूला चेंबरची भिंत पातळ असते. सिलिंडर काढून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, कोरडा पुसा, साधा पांढरा खडू घासा आणि अर्धा तास थांबा. भेग असेल तर आतलं रॉकेल खडूत झिरपतं आणि काळसर रेघ उमटते. पिंपरीत आम्ही कास्टिंग असंच तपासायचो.

हे सगळं पास झालं तरी पहिली गोळी बंदूक दुरुस्त करणाऱ्याने तपासल्यावरच. आणि काडतूस फक्त .३२ एस अँड डब्ल्यू. लाँग किंवा मॅग्नम ‘बसतंय’ म्हणून घालू नका.

एच-वन व्हिसावर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) असलेल्या वाचकांसाठी: शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने तुम्हाला हत्यार बाळगायला मनाई आहे. मित्राचं ‘जरा बघू’ म्हणूनही हातात घेऊ नका.

नॅशुआकर:
काका, मूठ उघडली. पट्टीची स्प्रिंग निघाली. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं, पण राहवलं नाही म्हणून रॉकेल-खडूही केलं. चार चेंबर पांढरेशुभ्र राहिले. पाचव्यावर नखाएवढी, केसासारखी बारीक रेघ. पुसून परत केलं, पुन्हा त्याच जागी. बायकोला बोलावून भिंग दिलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाबांना हे माहीत असेल का?” मोज्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवली होती, म्हणजे बहुतेक असावं.

वूस्टरवाला:
काका, माझं चुकलं. शेजाऱ्याला हे वाचून दाखवतो. त्याच्या मुठीखाली काय आहे ते शनिवारी बघू.

लेथवाले काका:
शनिवारच्या आधीच बघा, तो रविवारी रेंजवर जात असेल तर.

नॅशुआकर, कुठल्याही दुकानदाराने “वेल्ड करून देतो” म्हटलं तर देऊ नका. पट्टी काढून वेगळ्या पाकिटात ठेवा, म्हणजे घोड्यात जोरच राहणार नाही. निकेलला हलका तेलाचा हात फिरवा, पॉलिश लावू नका. कडेने पापुद्रे सुटले असतील तर ते निघून येतात. आणि मोज्यात नको, चामड्यातही नको, ओल धरतात. पाचव्या चेंबरची गोष्ट कागदावर लिहून मुठीला बांधा. तीस वर्षांनी तुमच्या मुलांच्या हाती ती पेटी येईल, तेव्हा हा धागा त्यांना सापडणार नाही.

नॅशुआकर:
कागद आजच बांधला. इंग्रजीत तिने लिहिलं, मराठीत मी.