मदत हवी आहे: पायडलच्या होडीने मांडवा ते मुरुड, थॅलेसेमियाच्या तपासणीसाठी निधी

नमस्कार मंडळी,

प्रश्न समुद्राचा आहे आणि पैशाचाही. दोन्हीतलं आम्हाला फारसं कळत नाही, म्हणून इथे विचारते आहे. लिखाण लांबेल, पण अर्धी माहिती देऊन पूर्ण सल्ला मागणं बरं नाही.

मी नाशिकची. माझ्या ताईचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, त्या रक्तातलं लोह हृदयात आणि यकृतात साठू नये म्हणून रोज गोळी घ्यायची. रक्ताची तारीख जवळ आली की पोराचा चेहरा उतरतो, शाळेचा जिना चढताना मध्येच बसतो. ताई आणि भाऊजी दोघंही वाहक आहेत, म्हणजे स्वतःला आजार नाही पण तो मुलाकडे जाऊ शकतो, हे त्याच्या जन्मानंतर कळलं. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आपण वाहक आहोत की नाही हे रक्ताच्या एका तपासणीत कळतं. ताईला ती कुणी सुचवली नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात गरोदरपणाच्या सुरुवातीलाच ही एचपीएलसी तपासणी व्हावी म्हणून एक नोंदणीकृत संस्था शिबिरं घेते. निधी तिच्यासाठी. याच तपासणीत सिकलसेल या रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहकही कळतात, आणि त्या पट्ट्यात सिकलसेल आहेच.

आता होडीचं. आम्ही चौघं सायकलवाले, दोन बायका, दोन पुरुष. नाशिकला सायकलचं वेड किती आहे ते सांगायला नको. २०१५ मध्ये इथल्या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या टीमने रेस ॲक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हापासून तर घरटी एक सायकलवाला झालाय. पण मला सायकलचेच पाय पाण्यात चालवून बघायचे होते. त्याचं कारण जेसन लुईस. या इंग्रज माणसाने १९९४ ते २००७ अशी तेरा वर्षं घालवून इंजिनाशिवाय पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि समुद्र ओलांडले ते २६ फुटी पायडलच्या होडीने. होडीचं नाव ‘मोक्ष’. अटलांटिकला त्यांना १११ दिवस लागले. शेवटच्या टप्प्यात ही ‘मोक्ष’ मुंबईहून निघून अरबी समुद्र ओलांडून जिबूतीला गेली. आपल्याच किनाऱ्यावरून गेली, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ती जाईना.

आमची होडी १७ फुटी आहे. नवऱ्याचं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, तिथे रविवारी-रविवारी मिळून आठ महिन्यांत बांधली. प्लायवूडवर फायबरचा थर, दोन्ही बाजूंना कोकणातल्या होड्यांना असते तशी उलांडी, म्हणजे तोल धरणारं तरंगतं लाकूड, त्यामुळे सहज कलंडत नाही. दोघंजण मागे-पुढे बसतात, पुढे तोंड करून. वल्ह्यांपेक्षा हे मला फार आवडलं, आपण कुठे जातोय ते दिसतं आणि हात मोकळे राहतात. पंखा रिमोटच्या विमानाचा, १६ इंची. पायडल मिनिटाला ६० वेळा फिरलं की पंखा ३०० वेळा फिरतो. साखळीला मध्ये पीळ देऊन तिची दिशा काटकोनात वळवली आहे. हे जमवायला तीन महिने गेले, पहिले दोन दांडे वाकले. तरंगण्यासाठी पुढच्या-मागच्या कप्प्यांत थर्माकोल भरला आणि त्यावर फायबरचं रेझिन ओतलं, तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळून गेला. कुणी बांधत असाल तर हे लक्षात ठेवा: साधं पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला खातं, तिथे इपॉक्सी लागतं.

रीतसर परवानगी काढून गंगापूर धरणात सहा वेळा चालवली. दोघांनी आरामात पायडल मारलं तर ताशी साडेसहा किलोमीटर मिळतात. जोर लावून आठ मिळतात, पण त्यासाठी जवळपास दुप्पट ताकद जाते, कारण पाण्यात वेग थोडा वाढवला की लागणारी ताकद त्याच्या घनाने वाढते. म्हणून साडेसहाच धरून चाललो आहोत.

मार्ग आधी गेटवे ते मांडवा ठरवला होता. नकाशा पाहिल्यावर सोडला. मोठ्या जहाजांचा रस्ता, नौदल, प्रवासी फेरीबोटी, त्यात आमची ही होडी कुणाला दिसणारही नाही. आता मांडव्याहून दक्षिणेला किनारा धरून मुरुडपर्यंत, अंदाजे ५५ किमी, दोन दिवसांत, रेवदंड्याला मुक्काम. चौघं आळीपाळीने पायडल मारणार, उरलेले दोघं सोबतच्या मोटारबोटीत.

माझे प्रश्न:

निघायचा दिवस आणि वेळ कशी ठरवायची? धरणात भरती-ओहोटी नसते. मुंबईकडे उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो एवढं वाचलंय, पण ते पाणी आम्हाला कोणत्या बाजूला ओढेल हे कळत नाही.

परवानगी कुणाकडे मागायची? एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने पहिलीकडे.

खाऱ्या पाण्यात साखळी टिकेल का? दांडा ३०४ स्टीलचा आहे.

आणि पैसे. किलोमीटरमागे अमुक रुपये असं लोकांकडून कबूल करून घ्यायचं ठरलंय. मित्रमंडळींनी भराभर नावंही दिली. पण एक गोष्ट मला खटकते आहे, ती कुणाला नीट सांगता येत नव्हती, इथे सांगते. पाचव्या चाचणीला आम्ही ग्रुपवर जाहीर केलं होतं, आज वीस किलोमीटर. दुपारी वारा सुटला. सोळाव्या किलोमीटरला माझ्या जोडीदारीणीला उलट्या सुरू झाल्या, लाटा आत यायला लागल्या, आणि काठ दोनशे मीटरवर असताना मी होडी वळवली नाही. वीस पूर्ण केले. लोकांनी कौतुक केलं. रात्री झोप लागली नाही मला. धरणात केवळ चार ओळी जाहीर केल्या होत्या तर मी असं वागले. समुद्रात प्रत्येक किलोमीटरला मुलांच्या तपासणीचे पैसे बांधलेले असतील तेव्हा मी काय करेन?

जाणकारांनी स्पष्ट सांगावं. जाऊ नका असं असेल तर तेही.

---

प्रतिसाद १

ताई, मी थळचा. घरची बोट आहे, याच पाण्यात वाढलो.

दिवस अष्टमीचा धरा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याला ओढ कमी. दुसरी गोष्ट, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण येते. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला सकाळी सहाला पाणी भरलेलं, तिथून बारापर्यंत ओहोटी. मांडव्यावरून ओहोटीचं पाणी बाहेर, दक्षिणेकडे ओढतं, तुम्हाला तेच हवंय. शिवाय सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून येणारा, किनाऱ्याजवळ समुद्र पाटासारखा. पौर्णिमेला निघालात तर सकाळभर भरती अंगावर घ्याल. हा आमचा अंदाज झाला, नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात बघा.

बाराच्या आत किनाऱ्याला लागायचं. दुपारी वायव्येचा वारा धरतो. दिवाळीपासून शिमग्याच्या आधीपर्यंत या. पुढे दुपारचा वारा फार लवकर सुटतो.

खांदेरी-उंदेरी बेटांच्या मध्ये घुसू नका, खडक आहेत. आणि सगळ्यात जास्त भीती जाळ्यांची. डोल जाळी ताणलेली असतात, वर नुसते बोये दिसतात. पंख्यात दोर गुंतला तर तुमची होडी आणि आमचं जाळं, दोघांचं नुकसान. म्हणून सोबतची बोट इथल्याच माणसाची घ्या. त्या-त्या गावाच्या मच्छीमार सोसायटीत आधी जाऊन भेटा. रेवदंड्याच्या पुढे मला खात्री नाही, तिथे कोर्लईचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, घ्या. पंखा वर उचलता येतो का? नसेल तर आधी ती सोय करा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर: बोटीवर परत फिरायचा निर्णय तांडेलाचा असतो, मालकाचा नाही. माल कमी आला तरी मालकाने त्याला बोलायचं नाही अशी रीत आहे. तुमच्या मोहिमेत तांडेल पायडल मारणारा नको.

प्रतिसाद २

मी बंदरखात्याच्या कामात बरीच वर्षं होतो. अर्ज महाराष्ट्र सागरी मंडळाच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याकडे करा, प्रती मांडवा सागरी पोलीस ठाणे, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मुरुडच्या तटरक्षक दलाला द्या. अर्जात होडीचा फोटो, रंग, माणसांची नावं, सोबतच्या बोटीचा नोंदणी क्रमांक, निघायची-पोचायची वेळ. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर अनोळखी होडी दिसली की चौकशी होतेच, आणि व्हायलाच हवी. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर पाठ असू द्या. सोबतच्या बोटीवर व्हीएचएफ रेडिओ हवा, चॅनल १६ सतत चालू.

दांडा ३१६ स्टीलचा करा, खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा टिकतं. साखळी एका रात्रीत गंजते, मुक्कामाला गोड्या पाण्याने धुऊन तेल द्या, दुसरी सोबत ठेवा. आणि होडी धरणात मुद्दाम उलटी करून, लाइफ जॅकेट घालून, दोघांनी ती सरळ करून परत चढून दाखवा. हे जमेपर्यंत समुद्राचं नाव काढू नका.

प्रतिसाद ३

मी नाशिकमध्येच संस्थांचे हिशेब बघते. पैसे तुमच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. थेट संस्थेच्या खात्यावर जाऊ द्या. संस्थेला देणगीवर करसवलत देणारी मान्यता, लोक ८०जी म्हणतात ती, असेल तर देणगीदाराला प्रमाणपत्र संस्थाच देते, तुमच्या खात्यातून गेलेल्या रकमेला ते मिळायचं नाही. रोखीने २,००० रुपयांच्या वरच्या देणगीला वजावट नाही. नव्या कररचनेतल्या लोकांना ही सवलत मिळतच नाही, त्यांना खोटी आशा दाखवू नका. परदेशी नागरिकत्व घेतलेला नातेवाईक पैसे पाठवतो म्हणाला तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी, आहे का विचारा, नसेल तर नको म्हणा. होडीचा, डिझेलचा, बोटभाड्याचा खर्च तुम्ही चौघं करा आणि ते आधीच लिहून टाका.

किलोमीटरचा हिशेब मोडून टाका. ज्यांनी नावं दिली त्यांना सांगा, ५५ किलोमीटरची रक्कम धरून निघायच्या आदल्या दिवशीपर्यंत संस्थेला द्या. नंतर होडी एक किलोमीटर जावो की पंचावन्न.

---

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. काल चौघं बसलो आणि हा धागा मोठ्याने वाचला.

किलोमीटरचं काढलं. नावं दिलेल्या ४३ जणांना आज फोन करते आहे, आत्तापर्यंत १९ झाले. दोघांनी नाही म्हटलं, त्यांना थरार हवा होता. बाकीचे हो म्हणाले, एका आजोबांनी तर कबूल केलेल्या रकमेच्या दुप्पट देतो म्हणून सांगितलं, अट एवढीच की रद्द झालं तरी कळवायचं.

परत फिरायचा शब्द सोबतच्या बोटीवरच्या तांडेलाचा. हे आम्ही चौघांनी कागदावर लिहून सह्या केल्या. माझी सही पहिली.

होडी अजून उलटी करून बघितलेली नाही, येत्या रविवारी गंगापूरला करतो. पंखा उचलायची सोय मात्र अडली आहे. पीळ दिलेल्या साखळीमुळे दांडा वर घेतला की साखळी सुटते. पंखा ज्यावर बसतो तो पाय कुणी बिजागरीवर फिरणारा केला असेल, बेव्हल गिअर (काटकोनात फिरवणारी दातेरी चाकं) वापरून किंवा अन्य कसा, तर फोटो टाकाल का? तो तयार झाल्याशिवाय थळला भेटायला येऊन उपयोग नाही, आणि थळच्या दादा, यायचं तर नक्की आहे.