सीमांपासून दूरच्या शहरातून एक प्रश्न : शेजारी देशांमधील जुने आणि नवे धोके वेगळे कसे करावेत?

झिरोमाईल_अभ्यासिका (प्रश्न)

नमस्कार. मी नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दक्षिण आशियाच्या सुरक्षेवरील आमच्या टिपणांमध्ये दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. पहिल्यात सीमावाद, युद्धे, अण्वस्त्रे आणि सीमेपलीकडून होणारा दहशतवाद येतो, तर दुसऱ्यात हवामानबदल, पाणी, साथीचे रोग, निर्वासितांचे लोंढे आणि सायबर हल्ले. पहिल्याला ‘पारंपरिक’ आणि दुसऱ्याला ‘उदयोन्मुख’ म्हटले की उत्तरपत्रिकेतले दोन रकाने नीट भरतात, पण प्रत्यक्ष उदाहरण घेतले की माझा गोंधळ सुरू होतो. २०१७ च्या ऑगस्टनंतर ७ लाखांहून अधिक रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशात आले. त्यांना निर्वासित म्हणून दुसऱ्या प्रकरणात घातले आहे. मात्र ते आले लष्करी कारवाईमुळे, आणि लष्करी कारवाई तर पहिल्या प्रकरणात आहे.

दुसरी शंका व्यवहाराची आहे. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची शेवटची शिखर परिषद २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडूला झाली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर होऊ शकली नाही आणि त्यानंतर आजवर एकही झालेली नाही. सनदेनुसार निर्णय एकमतानेच घ्यायचे आणि द्विपक्षीय वादाचे विषय चर्चेला घ्यायचेच नाहीत, असा नियम असल्यामुळे १९८५ पासूनच तिचे हात बांधलेले होते, असे सर सांगतात. मग सरकारे एकमेकांशी बोलत नसताना सीमा न मानणारे हे धोके हाताळतो तरी कोण?

माझ्या मैत्रिणीचे मत असे की नागपूरपासून कोणतीही सीमा जवळ नाही, त्यामुळे हा विषय परीक्षेपुरता वाचावा आणि सोडून द्यावा. तिलाही उत्तर द्यायचे आहे.

निवृत्त_अध्यापक_धरमपेठ

आपण दाखवलेली अडचण खरी आहे, आणि ती आमच्याच पिढीने निर्माण केली, हे आधी कबूल करतो. मी स्वतः हे दोन रकाने फळ्यावर अनेक वर्षे आखले.

सुरक्षा म्हणजे राज्याची, आणि धोका म्हणजे दुसऱ्या राज्याचे सैन्य, ही कल्पना शीतयुद्धाच्या काळात इतकी घट्ट होती की तिच्याबाहेरचे काही सांगण्यासाठी वेगळा शब्द काढावा लागला. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने १९९४ च्या मानव विकास अहवालात ‘मानवी सुरक्षा’ ही संकल्पना मांडली आणि अन्न, आरोग्य, पर्यावरण, उपजीविका अशा सात अंगांनी ती फोडून दाखवली. त्यामागील प्रमुख अर्थतज्ज्ञ महबूब उल हक हे पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री होते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सांगितली की ते थोडे थबकतात. संरक्षणावर होणाऱ्या खर्चाची झळ ज्या देशाच्या अंदाजपत्रकाला सर्वाधिक बसत होती, तिथलाच माणूस हा प्रश्न विचारत होता.

माझ्या मते या विभागणीत जुने-नवे असे फारसे काही नाही. बंगालच्या उपसागरातली वादळे आणि पटकीच्या साथी कोणत्याही नियंत्रण रेषेपेक्षा जुन्या आहेत. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात आलेल्या भोला चक्रीवादळात काही लाख माणसे मेली, मदतीतील हेळसांडीचा राग पुढच्या महिन्यातील निवडणुकीत उतरला, आणि वर्षभरात उपखंडाचा नकाशा बदलला. ते वादळ कोणत्या प्रकरणात घालणार? खरी विभागणी आहे ती कोणत्या खात्याकडे काम जाते याची : संरक्षण मंत्रालय की दुसरे एखादे. रोहिंग्यांच्या बाबतीत बांगलादेशापुढे हाच पेच आहे. कॉक्स बाजारच्या छावण्या मदतीचा विषय मानल्या तर तिथे डॉक्टर आणि शिक्षक जातात, सुरक्षेचा मानल्या तर कुंपण येते, आणि तिथे दोन्ही आले आहे.

म्हणून एक सावधगिरी. प्रत्येक संकटाला ‘सुरक्षेचा प्रश्न’ म्हणण्याची सध्या जी हौस आहे, तिने पैसा लवकर मिळतो हे खरे, पण माहिती गोपनीय होऊ लागते. नदीची पातळी गोपनीय झाली की पूर येतो तेव्हा खालच्या गावाला कळत नाही.

कामठीकर_सुभेदार

अध्यापक साहेबांचे लेखन आदराने वाचले. तरीही सीमेवर नोकरी केलेला माणूस म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. जुना धोका मागे पडला आहे, असा समज या चर्चेतून होऊ नये. २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले २० जवान हुतात्मा झाले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम घडले आणि ७ ते १० मे या चार दिवसांत दोन अण्वस्त्रधारी देश क्षेपणास्त्रे आणि ड्रोन घेऊन एकमेकांसमोर उभे होते. त्यातील ड्रोन तुमच्या दुसऱ्या रकान्यातले तंत्रज्ञान आहे, वापरले गेले ते पहिल्या रकान्यातील भांडणात.

सियाचीनचे उदाहरण द्यावे असे सुचवतो. १९८४ च्या एप्रिलमध्ये आपण तिथे गेलो. २००३ च्या नोव्हेंबरमधील शस्त्रसंधीपासून तिथल्या तोफा शांत आहेत. पण ७ एप्रिल २०१२ रोजी गयारी येथे पाकिस्तानच्या छावणीवर हिमकडा कोसळून १४० माणसे गाडली गेली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत आपल्या सोनम चौकीवरचे १० जवान तसेच गेले. गोळी कुणीच झाडली नव्हती. त्यांना तिथे उभे केले सीमावादाने, आणि मारले बर्फाने. ही माणसे कोणत्या प्रकरणात मोजायची, हे मला ठरवता येत नाही. तुमच्या सरांना विचारून सांगावे.

काटोलचा_बागायतदार

ताई, तुमच्या मैत्रिणीला एक रात्र सांगतो, म्हणजे सीमा किती दूर आहे ते तिला कळेल.

२०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस टाळेबंदी सुरू होती. मध्य प्रदेशातून अमरावती जिल्ह्यात टोळधाड उतरल्याची बातमी आली आणि पाहता पाहता ती वर्धा जिल्ह्यातून आमच्या काटोल तालुक्यात पोहोचली. आमच्या संत्र्याला तेव्हा आंबिया बहाराची लहान फळे होती आणि मृग बहारासाठी काही झाडे ताणावर, म्हणजे पाणी तोडून, सोडलेली होती. दिवसा टोळ उडत असतो, त्यामुळे ताटे आणि डबे वाजवून त्याला आपल्या बागेतून शेजाऱ्याच्या बागेत घालवण्यापलीकडे काही करता येत नाही. तो सायंकाळी झाडांवर बसतो. मग रात्री उशिरापासून ऊन चढेपर्यंत जेवढी फवारणी होईल तेवढीच कामाची. कृषी खात्याची माणसे टँकर घेऊन आली, आम्ही ट्रॅक्टरचे फवारणी पंप जोडले, आणि अंधारात विजेरीच्या झोतात पाहिले तर फांदीचा रंग दिसत नव्हता, एवढे टोळ बसलेले होते.

हा टोळ आला कुठून, याचा पुढे मी बराच शोध घेतला. २०१८ मध्ये मेकुनू आणि लुबान ही दोन चक्रीवादळे अरबस्तानच्या वाळवंटात शिरली. जिथे एरवी थेंबभर पाऊस नसतो तिथे ओल राहिली आणि टोळाच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या. त्या ओघात तो येमेनमध्ये गेला, पण तिथे युद्ध चालू असल्यामुळे पाहणी करणारी पथके फिरू शकली नाहीत. तिथून एक फांटा आफ्रिकेच्या शिंगाकडे वळला आणि दुसरा इराणमार्गे पाकिस्तानात आला. पाकिस्तानने २०२० च्या सुरुवातीला राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. मग राजस्थान, मध्य प्रदेश आणि आम्ही. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात काही कोटी टोळ असतात, वारा मिळाला तर ते दिवसाला १५० किलोमीटरपर्यंत जातात, आणि एवढा थवा एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांचे अन्न फस्त करतो, असे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. एक वादळ, एक परक्यांचे युद्ध आणि माझी बाग यांच्यात एवढाच दुवा आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, की हाताळतो कोण. भारत, पाकिस्तान, इराण आणि अफगाणिस्तान या चार देशांचा टोळ नियंत्रण आयोग त्याच संघटनेच्या छत्राखाली १९६४ पासून आहे. याखेरीज भारत आणि पाकिस्तानचे टोळ अधिकारी जून ते नोव्हेंबर या काळात सीमेवर भेटतात, कधी आपल्या मुनाबावला, कधी पलीकडच्या खोखरापारला, आणि कोणत्या भागात किती टोळ दिसला याची माहिती देतात-घेतात. पुलवामा आणि बालाकोट झाले त्या २०१९ मध्येही मुनाबावला अशी बैठक झाली होती. २०२० मध्ये साथीमुळे चारही देशांचे अधिकारी आंतरजालावरून बोलत राहिले. त्या वर्षी आपण इराणला २५ टन मॅलेथिऑन हे कीटकनाशक पाठवले, कारण टोळ तिथे मेला तर राजस्थानात येत नाही आणि राजस्थानात आला नाही तर काटोलला येत नाही. पाकिस्तानलाही आपण औषध देऊ केले होते. त्यांच्याकडून तेव्हा प्रतिसाद आला नाही. म्हणजे माहिती सीमा ओलांडू शकली, औषधाचे पिंप मात्र ओलांडू शकले नाही.

वाहिन्यांवर या बैठका कधी दिसत नाहीत. दिसल्या असत्या तर चालू राहिल्या असत्या का, अशी शंका मला येते.

पेंच_कालवा

बागायतदार दादांच्या शेवटच्या वाक्याला धरूनच लिहितो. मी पाटबंधारे क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे पाण्यापुरतेच बोलेन.

२०१९ च्या जुलैमध्ये पेंच नदीवरचा तोतलाडोह जलाशय आटला आणि नागपुरात एक दिवसाआड पाणी आले, ते सर्वांना आठवत असेल. पाऊस लांबला होताच, पण वर छिंदवाड्यात चौराईचे धरण झाल्यापासून पेंचमध्ये येणारे पाणी घटले आहे, ही तक्रार तेव्हा जोरात होती. एकाच देशातील दोन राज्ये, वर एक केंद्र सरकार, करार लेखी. तरीही वरच्याने किती अडवले आणि खालच्याला किती सोडले याबद्दल किती संशय होता, ते चौकाचौकात ऐकू येत होते. ब्रह्मपुत्रेवर चीन वर आहे आणि आपण खाली, तिस्तेवर आपण वर आहोत आणि बांगलादेश खाली. चौराईचा तो उन्हाळा आठवला की दोन्हीकडचे मन समजते.

ब्रह्मपुत्रेच्या पावसाळी पातळीची माहिती चीनने द्यावी असा समझोता २००२ पासून होता. २०१७ मध्ये डोकलाम पठारावरील रस्त्यावरून भारत आणि चीन यांच्यात तिढा पडला आणि त्या पावसाळ्यात ती माहिती आपल्याला मिळाली नाही; केंद्रांच्या दुरुस्तीचे काम चालू आहे, असे कारण चीनकडून देण्यात आले. पुढच्या वर्षी ती पुन्हा सुरू झाली. आसामातील पुराचा अंदाज भूतानलगतच्या एका पठारावरील रस्त्याशी बांधला गेला, तो असा.

याच्या उलट बाजूचेही सांगतो. सिंधू जल करार १९६० चा. तो १९६५, १९७१ आणि १९९९ मध्येही टिकला, पण पहलगामनंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने तो स्थगित ठेवला. निर्णय योग्य की अयोग्य, हा या धाग्याचा विषय नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जम्मूत तवी नदीला मोठा पूर आला, तेव्हा भारताने पाकिस्तानला इशारा दिला. मात्र नेहमीच्या सिंधू आयुक्तांमार्फत न देता इस्लामाबादच्या उच्चायुक्तालयामार्फत, माणुसकीच्या भूमिकेतून. बंद केलेल्या दाराशेजारच्या खिडकीतून निरोप गेला म्हणा. पण पुरात तासाला किंमत असते. तारेने जोडलेली दोन नियंत्रण केंद्रे आणि मधली राजनैतिक पायरी यांच्यात वेळेचा जो फरक पडतो, त्या वेळात खालच्या गावातली गुरे सोडता येतात.

गंगा पाणीवाटपाचा बांगलादेशाशी असलेला करार १२ डिसेंबर १९९६ चा असून मुदत ३० वर्षांची आहे. गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यातून उन्हाळ्यात कुणाला किती पाणी, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा टेबलावर येतो. प्रबंधाचा विषय शोधत असाल तर हा घ्यावा.

झिरोमाईल_अभ्यासिका

सर्वांचे मनापासून आभार. सुभेदार काका, तुमचा सियाचीनचा प्रश्न सरांपुढे ठेवला; ते म्हणाले की तो मुद्दा थेट उत्तरात लिही.

टोळ आणि पूर यांच्या बाबतीत माहिती पोहोचवण्याची काही ना काही वाट आहे, हे कळले. पण सायबर हल्ल्यांचे काय? २०१६ च्या फेब्रुवारीत बांगलादेश बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर पळवले गेले आणि श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी केवळ स्पेलिंगच्या चुकीमुळे अडले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा कित्येक दिवस ठप्प होती. तिथे मुनाबाव कुठे आहे?

निवृत्त_अध्यापक_धरमपेठ

नाही, आणि त्याचे कारण सोपे आहे. टोळ कुणी पाठवत नाही, त्यामुळे तो दिसल्याचे सांगण्यात कुणाची अडचण होत नाही. सायबर हल्ल्यात मात्र ‘मला दिसले’ म्हणणे म्हणजे ‘मी कुठे पाहू शकतो’ हे उघड करणे होते, आणि पाठवणारा कदाचित समोरच्या खुर्चीवर बसलेला असतो. बांगलादेश बँकेच्या प्रकरणात तर अमेरिकेने बोट दाखवले ते उत्तर कोरियाकडे, म्हणजे या प्रदेशाच्या बाहेर. शेजार हा शब्दच तिथे अपुरा पडतो.

कामठीकर_सुभेदार

एक नमुना मात्र आहे, साहेब, आणि तो अगदी पहिल्या प्रकरणातला आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलच्या युद्धानंतर देवाणघेवाण झाली, संसदेवरील हल्ल्यानंतर सीमेवर सैन्य उभे असतानाही झाली. रुग्णालये, वीज वितरण आणि बँका यांची अशी एखादी यादी करता येईल का, एवढेच मला सुचते. करणे अवघड आहे हे मान्य. १९८८ मध्येही ते सोपे नव्हते.

झिरोमाईल_अभ्यासिका

काका, ही यादी कुठे वाचायला मिळते का? प्रबंधाला जोडता आली असती.

कामठीकर_सुभेदार

मिळत नाही, बेटा. यादीत काय आहे हे कुणी जाहीर करत नाही. ती दिली आणि घेतली, एवढेच परराष्ट्र मंत्रालय त्या दिवशी चार ओळींत कळवते.