अपंगांच्या बसची मागणी स्टॉपवर उभं राहून मोजता येते का?

टीपकागद: शहर नियोजनाच्या कोर्सला अपंगांच्या प्रवासावर प्रोजेक्ट करतेय. दोन दिवस बसस्टॉपवर फॉर्म घेऊन उभी होते, व्हीलचेअरवालं एक माणूस भेटलं नाही. गाईड म्हणाले लिहून टाक, मागणी नाही. मला पटेना, कारण त्या फुटपाथवर चढायलाच वीतभर उंची आणि मधोमध विजेची डीपी. तुम्हाला काय वाटतं?

घाटावरचा: सरांचं चुकलं कुठे? २०११ च्या जनगणनेत देशात अपंग २.२१ टक्के, त्यात व्हीलचेअरवाले किती असणार. एवढ्यांसाठी महागड्या लो फ्लोअर (चढायला बुटक्या) बसेस घेण्यापेक्षा त्यांना रिक्षाचे पैसे द्या आणि साध्या बसेस वाढवा ना, इथे लोक दाराला लटकतायत.

चाकंवाली: तेव्हा अपंगत्वाचे प्रकार ८ च मोजले होते, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ आहेत, तो आकडा जरा जपून वापरा. मी स्वतः व्हीलचेअरवर. आमच्याकडे एकदा रॅम्पवाली बस आली, मी हात केला, ड्रायव्हरने स्टॉपपासून चार हात लांब लावली, कंडक्टर बिचारा उतरून रॅम्पची कडी ओढत बसला, ती गंजलेली, मागून हॉर्नवर हॉर्न आणि आतून एक काकू, "अगं रिक्षा कर ना". तेव्हापासून रिक्षाच. आता मी तुमच्या स्टॉपवर दिसणार कशी?

घाटावरचा: म्हणजे शेवटी रिक्षाच ना! मी वेगळं काय म्हणालो?

फलाट नं ४: खुर्ची बघितल्यावर किती रिक्षावाले थांबतात ते विचारा ताईंना. मुंबईत लोकलला अपंगांचा डबा आहे, कॅन्सर पेशंट नि गरोदर बायकाही त्यात चढतात, सकाळी पाय ठेवायला जागा नसते (धडधाकट घुसतात ते सोडा). सोय झाली की माणसं दिसतात. आणि लो फ्लोअर म्हणजे बसचा तळ जमिनीपासून ४०० मिमी, साधी बस ९०० च्या आसपास किंवा वरच. माझ्या आईचे गुडघे गेलेत, सर्टिफिकेट कसलंच नाही, तिला कुठल्या टक्क्यात धरणार?

घाटावरचा: गुडघ्यांचं मान्य. पण गंजक्या कडीवर पैसे घालण्याला माझा विरोध कायम.

चाकंवाली: कडीला तेल घालायला किती लागतात हो? टीपकागद, स्टॉप सोड, सोसायट्यांत आणि फिजिओथेरपीच्या रांगेत जा. विचार की गेल्या महिन्यात कुठे जायचं राहून गेलं.

टीपकागद: रविवारी जाते. रिक्षाला महिन्याला किती जातात तेही विचारते, घाटावरच्यांसाठी.