मदत हवी आहे: गेमिंग क्लबच्या नियमावलीत मतदानाचं काय लिहायचं?

आमच्या युनिव्हर्सिटीतल्या गेमिंग क्लबची नियमावली नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि एकाच मुद्द्यावर सगळं अडलंय. व्हॅलोरंट (टीमने खेळायचा शूटिंग गेम) खेळणारे संख्येने सगळ्यात जास्त, त्यामुळे एक मेंबर एक मत म्हटलं की लॅबचे स्लॉट आणि टूर्नामेंट फीचे पैसे दरवेळी त्यांच्या ५ जणांच्या टीमकडेच जातात आणि फायटिंग गेमवाले किंवा नुसतं मजा म्हणून खेळायला येणारी मुलं हळूहळू यायची बंद होतात, जे मला अजिबात नकोय, क्लब त्यांच्यामुळेच भरलेला वाटतो. प्रत्येक गेमला कमिटीत एक सीट देऊन बघितली, तर दोन-तीन जणांचे गेमही सीट मागायला लागले. डिस्कॉर्डवर (क्लबच्या चॅट ग्रुपवर) पोल घेतला तर पास आउट झालेले सिनिअरही मत देतात. वेगळा ईस्पोर्ट्स (स्पर्धांसाठी गेमिंग) क्लब काढायला परवानगी नाही, फॅकल्टी अ‍ॅडव्हायझर म्हणतात तुम्हीच ठरवा. ज्यांच्याकडे हे सुटलंय त्यांनी प्लीज सांगा, मताचा हक्क हजेरीवर ठेवला का? आणि कॅज्युअल मेंबरांसाठी बजेटचा हिस्सा राखून ठेवला असेल तर पुढच्या कमिटीने तो साध्या बहुमताने काढू नये म्हणून नेमकी काय अट घातली?