व्हॉल्यूम बदलल्यावर मंडळाच्या ॲम्पचा आवाज वाढला, पॉवर खरंच वाढते का?

बोरीकाठ_अमळनेर
राम राम मंडळी. आमच्या भजनी मंडळाचा १०० वॅटचा ॲम्प आहे, दोन माइक, मोबाईलची पिन आणि बाहेर दोन भोंगे. मास्टर व्हॉल्यूम हात लावला की खर्रर्र करायचा म्हणून तालुक्याला एकाकडे नेला, त्याने व्हॉल्यूमच (नॉबखालचा फिरता रेझिस्टर) नवीन टाकून दिला. खरखर गेली पण आता वेगळंच. आधी नॉब निम्म्यावर ठेवला की देवळापुरता आवाज यायचा, आता पाव फिरवला की आख्खी गल्ली जागी होते आणि निम्म्याच्या पुढे कितीही फिरवा, फारसा फरकच नाही. आप्पा म्हणतात ॲम्पमध्ये दम आला, आता चार भोंगे लावू. मला भीती वाटते कारण मागच्या साली भोंग्याचं एक युनिट जळालंय आणि नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसते, रात्रभर गाणे असतात. रात्री हळू ठेवायचं तर नॉबला नुसतं बोट लागलं तरी आवाज उडी मारतो. काय करू?

भुसावळ_सोल्डर
भो, पॉवर एका वॅटनेही वाढलेली नाही, आप्पांना थांबवा आधी. लक्षणं सगळी लॉग व्हॉल्यूम काढून लिनियर टाकल्याची आहेत.
बघा, आपला कान दुप्पट व्होल्टेजला दुप्पट आवाज म्हणत नाही. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) लागतात, म्हणजे पॉवर दहापट. लिनियरमध्ये नॉब निम्म्यावर आला की सिग्नल निम्मा, म्हणजे फुलपेक्षा फक्त ६ डीबी कमी, म्हणून तुम्हाला पुढे फरकच जाणवत नाही, सगळा आवाज सुरुवातीच्या पाव फेरीतच येऊन जातो. लॉगची कार्बन पट्टी वेगळी असते, निम्म्यावर रेझिस्टन्स जेमतेम १० ते १५ टक्के, म्हणजे फुलपेक्षा १६ ते २० डीबी खाली. पाव फेरीवर लिनियर -१२ डीबी देतो आणि १५ टक्केवाला लॉग -२२ च्या आसपास. नॉब त्याच जागी, पण आवाज कानाला दुप्पट! आप्पांना तोच दम वाटतोय. फुल केल्यावर दोन्ही सारखेच.
मागे छापलेलं बघा, बी १००के म्हणजे लिनियर, ए १००के म्हणजे लॉग (के म्हणजे किलोओहम). पण काही जुन्या युरोपियन मालात हे उलटं असायचं, म्हणून मीटर लावलेला बरा. ॲम्प बंद करा, मधल्या पायाची वायर सोडवा, नॉब बरोबर निम्म्यावर ठेवून मधला आणि ग्राउंडचा पाय मोजा. ५०के आला तर लिनियर, १०-१५ आला तर लॉग.

पांझरा_साउंड
भुसावळवाले दादा बरोबर बोलले, एक जोडतो कारण याच गैरसमजात भोंगे जळतात. नॉब निम्म्यावर म्हणजे ॲम्प निम्म्या पॉवरवर, असं नसतं भाऊ. नॉब फक्त आलेल्या सिग्नलमधला किती पुढे सोडायचा ते ठरवतो. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, मोबाईल त्याहून कमी, आणि ॲम्पला फुल पॉवरला किती इनपुट पुरतो ते वेगळंच. सिग्नल दणकट असला की नॉब दहा वाजताच्या जागेवर असतानाच ॲम्प क्लिप होतो, आवाज फाटतो, आणि तसाच रात्रभर चालला की डायफ्रामची कॉइल तापून जाते. लिनियर व्हॉल्यूमवर ती जागा फार लवकर येते आणि माणसाला वाटतं अजून तर पाऊणभर फिरवायचा बाकी आहे. नॉबकडे बघू नका, फाटल्याचा आवाज ऐका. भोंगे वाढवायचे तर इम्पिडन्सचा, म्हणजे भोंग्यांचा ॲम्पवर किती ओहमचा भार पडतो त्याचा, हिशोब आधी.

चाळीसगाव_रेडिओ
लॉग मिळाला नाही तर जुगाड आहे. लिनियर १००के तसाच ठेवा आणि मधल्या पायातून ग्राउंडला १५के चा रेझिस्टर डागा, निम्म्यावर -१४ डीबीच्या आसपास येतं, लॉगच्या जवळ. फक्त नॉब वर नेला की मागच्या सर्किटवर १३के पर्यंत लोड पडतो, मोबाईलला चालतं, जुन्या व्हॉल्व्हच्या सेटला नको. आणि लॉग लावताना बाहेरचे दोन पाय उलटे जोडू नका, मग नॉब उलट्या दिशेने चालतो आणि बंदपासून बोटभर फिरवताच जवळपास सगळा आवाज येतो.
रात्री हळू लावल्यावर ढोलकीचा बास गेला असं कोणी म्हणेल, ते व्हॉल्यूमचं पाप नाही. हळू आवाजात कानाला बास कमीच ऐकू येतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच ते मोजून दाखवलंय, जुन्या डेकवर लाउडनेसचं बटण त्यासाठीच असायचं.

बोरीकाठ_अमळनेर
मंडळी, काल उघडला. बी १००के च निघाला, मीटरवर ४९. जळगावहून ए १००के आणला, पोराने डागला, निम्म्यावर १३ दाखवतो. संध्याकाळी हरिपाठाला लावला तर नॉब बरोबर जुन्या जागी, जिथे आमच्या वडिलांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता तिथेच देवळापुरता आवाज. आप्पांनी स्वतः फिरवून बघितला, दोनदा. चार भोंग्यांचं रद्द झालं. पांझरावाले भाऊ, आता मोबाईल पूर्ण ठेवून नॉब कमी करू की मोबाईलच कमी ठेवू?

पांझरा_साउंड
मोबाईल फुलच्या एक-दोन काड्या खाली, बाकी सगळं नॉबवर. उलटं केलं तर ॲम्पची मागची सूं-सूं ऐकू येईल.