इंग्रजी स्पेलिंग सुधारावे की आहे तसेच शिकावे?

मूळ धागा
सातवीतल्या माझ्या मुलीने भूगोलाच्या वहीत 'आयलंड' हा शब्द एस न घालता लिहिला आणि बाईंनी लाल रेघ मारून अर्धा गुण कापला. "बोलताना नाही, तर लिहायचा कशाला?" या तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना कळले, की जुन्या इंग्रजीत या शब्दात एस नव्हताच. लॅटिन 'इन्सुला'शी त्याचे नाते आहे अशा गैरसमजातून तो सोळाव्या शतकाच्या सुमारास घुसला. म्हणजे मुलीने लिहिले ते मुळाला धरूनच होते! 'दो', 'थ्रू', 'टफ', 'कॉफ', 'बाव' या पाचही शब्दांच्या शेवटी ओ-यू-जी-एच हीच अक्षरे येतात आणि कुठे कोणता उच्चार करायचा, हे पाठ केल्यावाचून कळत नाही. ही पद्धत बदललीच पाहिजे.

प्रतिसाद १
असहमत. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला के एके काळी खरोखर उच्चारला जात असे. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, त्यानंतर छपाईमुळे लेखन हळूहळू गोठत गेले आणि दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र बदलतच राहिले, त्यामुळे आजच्या स्पेलिंगात जुने उच्चार टिकून आहेत. शिवाय 'साइन'मधला मुका जी 'सिग्नेचर'मध्ये ऐकू येतो. तो गाळला तर या दोन शब्दांची सोयरीक दिसणार नाही. आणि उच्चाराप्रमाणे लिहायचे तर कोणाच्या? 'कार'मधला आर लंडनमध्ये गळतो, एडिंबरामध्ये स्पष्ट ऐकू येतो.

धागाकर्ता
'नाइट'चा के मान्य. पण कर्ज या अर्थाच्या 'डेट'मधला बी इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा तो नव्हता, लॅटिन मूळ दाखवण्यासाठी नंतर घातला गेला. अमेरिकी कोशकार वेबस्टरने १८२८च्या कोशात 'कलर'मधला यू गाळला, त्याने अमेरिकेचे काय अडले?

प्रतिसाद २
त्याच वेबस्टरने जीभ या अर्थाच्या 'टंग'चे स्पेलिंगही सोपे करून सुचवले होते, ते लोकांनी घेतले नाही. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ३०० शब्दांची सोपी स्पेलिंगे सरकारी छपाईत वापरण्याचा आदेश दिला, तो काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, विरोधामुळे त्याच वर्षी बारगळला. आणि आपले तरी काय? 'चार गाईंना चारा चार' यातले पहिले आणि शेवटचे 'चार' लिहितो सारखे, बोलतो वेगळे.

धागाकर्ता
खरे आहे, पण ते 'चार' ऐकून लिहिताना मराठी मूल चुकत नाही. इंग्रजीत वाचणे आणि लिहिणे दोन्हीकडे अडते. शिवाय आपण सुधारणा करून दाखवली आहे. 'नांव', 'कांहीं' यांवरचे उच्चारात नसलेले अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी काढून टाकले. त्याआधी छापलेली आजोबांची पुस्तके माझी मुलगी आज न अडखळता वाचते.